पंखा बंद, फोडणी बंद

आमच्या अण्णांना सिगार ओढताना पाहिलेली माणसं थोडी. तपासताना मात्र अख्ख्या सोसायटीनं पाहिलं होतं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी ते पांडवलेणीच्या बाजूच्या आमच्या बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बसत, चष्मा कपाळावर ढकलत आणि सिगार डोळ्यांसमोर धरून इतका वेळ बघत राहत, की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालून आत जात, दुसरी बादली घेऊन परत येत, तरी यांची सिगार आपली कोरीच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, यांना काड्यापेटी सापडत नसेल. मी धावत जाऊन ती नेऊन दिली. अण्णांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ठेव तिकडे. अजून तिची चौकशी चालू आहे."

अण्णा म्हणजे माझे सासरे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासणी खात्यात नोकरी केली. दुसऱ्यांनी बनवायचं आणि यांनी मोजायचं. भाग बरोबर असला तर पास, नसला तर रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला. तपासणी मात्र त्यांच्यासोबत घरी आली आणि आमच्या मानगुटीवर बसली. मी सासरी केलेल्या पहिल्या चहाचा घोट घेऊन ते म्हणाले होते, "साखर बरोबर. आलं शिळं." नव्या नवरीला घाबरवू नये एवढंही त्यांच्या मनात आलं नाही. वर सासूबाई मला समजवायला आल्या, "मनावर नको घेऊ. माझ्या भाकरीला तर तीस वर्षं झाली, अजून शेरा चालूच हाय."

सिगारीचा नाद त्यांना कारखान्यातच लागला. तेव्हा तिथे रशियन इंजिनियर येऊन राहत. त्यातल्या एकानं मायदेशी परतताना अण्णांना क्यूबाची एक सिगार भेट दिली. अण्णा मूळचे सिन्नरचे. त्यांची आई घरी बिड्या वळायची, त्यामुळे तंबाखू त्यांच्या नाकाला लहानपणापासून ओळखीची. पण पानाच्या आत पान, त्याच्या आत आणखी पान, आणि तरी कुठे गाठ नाही, कुठे पोकळी नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "बनवणाऱ्यानं कुठेच अंगचोरी केली नव्हती," असं ते त्या पहिल्या सिगारीबद्दल सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जो मऊ व्हायचा, तो घरातल्या कुठल्याही माणसाबद्दल बोलताना झालेला मी ऐकलेला नाही.

पुढे मग ओळखीपाळखीतलं कोणी परदेशातून आलं की एखादी सिगार घेऊन यायचं. आणणारे भेट म्हणून आणायचे आणि अण्णा ती नमुना म्हणून स्वीकारायचे. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक बिल्डर गृहस्थ नातू झाला म्हणून सोनेरी कागदात गुंडाळलेली सिगार घेऊन मोठ्या कौतुकानं आले. अण्णांनी कागद सोडवला, सिगार दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत नेली, मधे एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथे पोट रिकामं आहे. आत पानाचा चुरा भरलाय. नातवाचं अभिनंदन." बिल्डरांचा चेहरा पडला. मी पेढे पुढे करून विषय बदलायला बघत होते, तर अण्णांनी आणखी भर घातली, "याच्यापेक्षा आमच्या सिन्नरची बिडी बरी. ती निदान बिडी असल्याचं कबूल करते." ते गृहस्थ नंतर वर्षभर मला लिफ्टमध्ये भेटले की मोबाइल बघायचे.

सिगारीचा रविवार म्हणजे घरात संचारबंदी. आदल्या रात्रीपासून सूचना सुरू व्हायच्या. सकाळी उदबत्ती लावायची नाही. कांदा चिरायचा नाही. फोडणी तर नाहीच नाही, कारण मोहरी-हिंगाचा वास एकदा हवेत गेला की जिभेचा भरवसा उरत नाही. रविवारी सकाळी सगळं नाशिक मिसळीच्या दुकानांपुढे रांगा लावून उभं असतं आणि आमच्या घरात अण्णांच्या जिभेखातर सगळे बिनमिठाच्या पेजेसारखा काहीतरी नाश्ता करून गप्प बसलेले. हे पुरेसं नाही म्हणून पंखाही बंद. चांगल्या सिगारीची राख पेरभर तरी न पडता उभी राहिली पाहिजे, आणि वाऱ्यानं ती पडली तर दोष सिगारीचा की पंख्याचा हे ठरवायचं कसं? त्यामुळे एप्रिल असो की मे, आम्ही घामाच्या धारा पुसत त्या राखेकडे बघत बसायचो. सासूबाई म्हणायच्या, "राखेसाठी जित्या माणसांना उकडून काढतो हा माणूस."

बाकी विधी ठरलेला. आधी वरच्या पानाचा रंग सगळीकडे सारखा आहे का, शिरा बारीक आहेत का जाड, ते उजेडात बघायचं. मग दाबून बघायचं. मग न पेटवता टोकाचा वास. हा वास गोठ्यासारखा यायला हवा, सुक्या वैरणीचा, हे ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. त्या देवळ्याच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. गोठ्याच्या वासासाठी कोणी परदेशातून वस्तू मागवतं हे त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. मग टोक कापून, न पेटवताच एक झुरका: हवा सहज येते की ओढून आणावी लागते? आणि या सगळ्यानंतर लांब काडीनं, सिगार फिरवत फिरवत, पोळीच्या कडा शेकाव्यात तशी शेकून ती पेटायची. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. "मिरे," ते डोळे मिटून म्हणायचे. बऱ्याच वेळानं, "भाजलेली डाळ." आणखी बऱ्याच वेळानं, "आता जायफळाच्या जवळ आली." मी नाक दाबून उभी असायची. मला सगळ्यातून एकच वास यायचा, तो म्हणजे पडदे धुवायला काढावे लागणार याचा.

सिगारीचे तीन भाग असतात आणि पहिल्या भागावरून मत बनवायचं नाही, हा अण्णांचा मोठा नियम. हाच नियम ते सगळ्या जगाला लावायचे. मी नवी नोकरी धरली, कॅनडा कॉर्नरच्या विमा ऑफिसात, आणि उत्साहानं सांगत होते की माणसं किती चांगली आहेत, तर हे म्हणाले, "पहिला भाग सगळ्यांचा गोड असतो." राग येणार नाही तर काय होईल? त्यात पुढे ते खरं निघालं की आणखी राग. मात्र याच नियमाचा एक जोडनियम होता, आणि आमच्या घराचं जे काही वाटोळं झालं ते त्याच्यामुळे. अण्णा म्हणायचे, "निकाल घाईनं देऊ नये. पण एकदा दिला की बदलू नये. बदलणाऱ्याला तपासनीस म्हणत नाहीत."

माझा नवरा अभय हा अण्णांचा एकुलता एक मुलगा. त्यानं नोकरी सोडून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती पंपात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बुशची, म्हणजे पोकळ नळकांड्यांची. माल तयार झाला, टेम्पोत भरला, न्यायला कंपनीचा माणूस आला. मे महिना होता. अभयनं हौसेनं अण्णांना नारळ फोडायला बोलावलं. अण्णा नारळ घेऊन गेले खरे, पण खिशात मायक्रोमीटरही घेऊन गेले. नारळ राहिला बाजूला. त्यांनी टेम्पोतून एक बुश उचलला, मोजला. दुसरा मोजला. तिसरा मोजला. आणि त्या कंपनीच्या माणसासमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "मोठे आहेत. रिजेक्ट."

अभय म्हणाला, "अण्णा, सकाळपासून उन्हात आहेत हो ते. गरम आहेत. थंड होऊ द्या, मग मोजा." धातू तापला की फुगतो, एवढं मलाही कळतं. अण्णा म्हणाले, "कारणं सांगू नकोस. माप बोलतंय." कंपनीच्या माणसाला ओझरच्या जुन्या तपासनिसाचा शब्द ऐकल्यावर तिथे थांबायचं कारणच नव्हतं. माल तिथेच उतरवला आणि ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अभयनं सावलीत ठेवलेले बुश मोजले, ते एकूण एक बरोबर निघाले. तो मायक्रोमीटर घेऊन अण्णांसमोर उभा राहिला. अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "निकाल झालेला आहे," म्हणाले.

वर्कशॉप कसंबसं तगलं, पुढे चांगलं चाललंही. पण त्या दिवसापासून अभय अण्णांशी बोलेनासा झाला. त्याला पैसा नको होता, माफी नको होती. "माझं मोजणं चुकलं" एवढं एक वाक्य त्याला बापाच्या तोंडून हवं होतं. आणि अण्णा काही ते बोलणाऱ्यातले नव्हते. एकाच छताखाली राहायचं आणि बोलायचं सगळं माझ्यामार्फत. अण्णा पाच फुटांवरून म्हणायचे, "त्याला सांग, गाडीचा विमा संपतोय." अभय त्याच पाच फुटांवरून म्हणायचा, "त्यांना सांग, भरला." मी मधे पोळी लाटत असायची. सुरुवातीला मी खरंच निरोप पोचवायची, मग कंटाळले आणि नुसतं लाटणं एकदा इकडे आणि एकदा तिकडे दाखवायला लागले. त्यांनाही ते पुरायचं. दोघांच्या डोक्यात एकेक बुश घालावा असं मला कितीदा तरी वाटलं आहे.

असं कित्येक वर्षं चाललं. मग मागच्या उन्हाळ्यात अभय यंत्रांच्या प्रदर्शनासाठी पहिल्यांदा परदेशी गेला, दुबईला. परत आला तेव्हा त्यानं बॅगेतून एक लाकडी पेटी काढून माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "दे त्यांना." पेटीत सिगारी होत्या. चांगल्या, भारी. मी विचारलं, "कोणी निवडून दिल्या?" तर म्हणाला, "मीच घेतल्या. शिरा बारीक बघून. दाबून बघितल्या, कुठे पोकळ नाहीत. वास वैरणीचा येतोय." मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस हॉलमध्ये पाठ करून बसायचा आणि बाल्कनीतला शब्द न् शब्द ऐकायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

खरं सांगायचं तर मला ती पेटी परत अभयच्या बॅगेत घालावीशी वाटली. अण्णा ती तपासणार. तपासून निकाल देणार. आणि त्यांनी या पेटीला रिजेक्ट म्हटलं, तर या घरात पुन्हा काही जुळायची आशा संपली. मी ती स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली आणि अण्णांना गाठलं. "अण्णा, अभयनं तुमच्यासाठी सिगारी आणल्यात. रविवारी बघा. पण एक ऐका, कशाही असल्या तरी चांगल्या म्हणा." अण्णांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "त्यानं आणल्या? स्वतः?" मी हो म्हटलं. "मग नीट बघायला पाहिजेत," ते म्हणाले. मी कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

रविवार उजाडला. फोडणी बंद, पंखा बंद. अण्णा आंघोळ करून स्वच्छ सदरा घालून बाल्कनीत बसले. अभय हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसला. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. मी पेटी नेऊन दिली. अण्णांनी झाकण उघडलं, एक सिगार उचलली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. वरचं पान तडकलेलं. त्यांनी दुसरी काढली, तीही तडकलेली. बोटांनी दाबली तर कुरकुर आवाज आला. नाकाशी नेली, थांबले, पुन्हा नेली. तरी त्यांनी ती कापली, पेटवली, एक झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी देवाचं नाव घेतलं.

"पापड," अण्णा म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"उडदाचा पापड. आणि मिरची. सांडगी मिरची." त्यांनी सिगार खाली ठेवली आणि आत बघत हाक मारली, "अहो, तुम्ही या पेटीला हात लावला होता का?"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान होतं. "मग! फळीवर दिसली म्हणून उघडली, तर पांढरं पांढरं आलेलं त्यांच्यावर. म्हटलं, बुरशी धरली. पोरानं एवढ्या लांबून आणल्या, लय महागाच्या असतील, वाया नाय गेल्या पाहिजे. गच्चीवर कुरडया-पापड घातलेच व्हते, त्यांच्या शेजारी पसरल्या. दोन दिवस खडखडीत ऊन दाखवलं आणि पुसून परत ठेवल्या." त्यांच्या माहेरी कांद्यापासून गव्हापर्यंत सगळं उन्हानं टिकतं. सिगारीनं काय घोडं मारलंय, असा त्यांचा साधा हिशोब होता.

हसावं की रडावं मला कळेना. अण्णांचं म्हणणं, ते पांढरं म्हणजे बुरशी नव्हतीच. पानातलं तेल वर येऊन सुकतं, चांगल्या मालाचं ते लक्षण. पण ते सासूबाईंवर चिडले नाहीत. पेटीतली प्रत्येक सिगार काढून त्यांनी उजेडात पाहिली, शिरांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "पान एक नंबर आहे. वळणही बारीक. आणणाऱ्यानं बघून आणल्यात." हॉलमधलं वर्तमानपत्र जरा खाली आलं. मी आशेनं विचारलं, "मग चांगल्या आहेत ना?" अण्णा म्हणाले, "उन्हात ठेवलेल्या मालावर निकाल देता येत नाही. आधी त्याला त्याच्या हवेत आणायचं. मग बोलायचं."

हॉलमधून अभयचा आवाज आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट अण्णांना: "आणि बुशवर देता येतो?"

सासूबाई दारात थिजल्या. अण्णांनी खाली ठेवलेली सिगार पुन्हा उचलली आणि तिची राख त्यांच्या स्वच्छ सदऱ्यावर पडली. मला वाटलं, आता बोलतील. चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की त्यांना कळलंय. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग ते मिटून त्यांनी पेटीचं झाकण लावलं, उठले आणि आपल्या खोलीत गेले. अभयनं वर्तमानपत्र घडी न घालता सोफ्यावर टाकलं आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर निघून गेला. मी पंखा पाचवर केला आणि सरळ कांदा चिरायला घेतला. कांद्याची सोय झाली, नाहीतर त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येण्याचं कारण मला कोणाला तरी सांगावं लागलं असतं.

त्यानंतर अण्णांनी त्या सिगारी जगवायला घेतल्या. एका घट्ट डब्यात त्या ठेवायच्या, शेजारी ओलसर स्पंजचा तुकडा, पाणी उकळून गार केलेलं, आणि रोज झाकण उघडून बघायचं. घाईनं ओल दिली तर पान फुगून फाटतं म्हणे. हळूहळू, महिने लागतात. सगळा पावसाळा हा उद्योग चालला. घरात मात्र बोलणं पुन्हा माझ्या लाटण्यावर आलं. एक दिवस माझा संयम सुटला. डबा उघडून बसलेल्या अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, तुमचं चुकलं हे तुम्हाला कळलंय. मला माहितीय. मग एक वाक्य बोलून मोकळे का होत नाही? त्या पानांना एवढं जपताय, पोटच्या पोराला किती वर्षं उन्हात ठेवणार?" सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते.

अण्णा रागावले नाहीत. स्पंज दोन बोटांत दाबून बघत म्हणाले, "मृदुला, आयुष्यभर दुसऱ्याचं चुकलं हे सांगितलं. ते वाक्य तोंडात बसलंय. हे दुसरं नवीन आहे. जमतंय का बघतोय." मी तिथून उठून आले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

अण्णा आता नाहीत. झोपेतच गेले, यंदाच्या होळीच्या आधी, कोणालाही तपासणीची संधी न देता. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता हे उठून त्यांना दोन प्रश्न विचारतील. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, दिवाळीनंतरच्या एका रविवारचं.

त्या सकाळी सूचना काही आल्या नव्हत्या. मी बिनधास्त पोह्यांना फोडणी देऊन बसले आणि बघते तर अण्णा बाल्कनीत, हातात सिगार. मी म्हटलं, "अहो, फोडणी झाली की! सांगायचं नाही का?" ते म्हणाले, "असू दे. आज मी तपासणार नाहीये." आणि मग त्यांनी माझ्याकडे न बघता, हॉलच्या दिशेनं, जरा घोगऱ्या आवाजात हाक मारली, "अभय, इकडे ये."

अभय आला. दारात उभा राहिला. अण्णांनी समोरचं स्टूल पायानं पुढे सरकवलं. सिगार काडीनं फिरवत शेकली, पेटवली आणि स्वतः एक झुरका घेऊन त्याच्या पुढे धरली. "तू आणलीस. तू सांग, कशी आहे."

अभयनं आयुष्यात कधी सिगारेटसुद्धा ओढली नव्हती. त्यानं ती हातात घेतली, नकळत एकदा दाबून बघितली, झुरका घेतला, ठसकला, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बापाचं मन राखायला चांगली आहे म्हणेल. पण तो शेवटी त्यांचाच मुलगा.

"कडू आहे," तो म्हणाला. "नुसती कडू. गेली ही, अण्णा. नाही सुधारली."

"बरोबर," अण्णा म्हणाले. "माझंही तेच मत आहे." त्यांनी सिगार परत घेतली आणि तिच्या टोकाकडे बघत राहिले. "माल उत्तम होता. उन्हानं गेला." मग एकेक शब्द मोजल्यासारखा काढत ते म्हणाले, "तुझे ते बुशही चांगले होते. मी गरम मोजले."

अभय समोरच्या स्टुलावर बसला.

"मला माहीत नव्हतं असं नाही," अण्णा म्हणाले. "पहिला हातात घेतला तेव्हाच चटका बसला होता बोटांना. तरी मोजला. परक्या माणसासमोर मापात सूट देतोय असं दिसायला नको होतं मला, तू माझा मुलगा म्हणून." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर घासली. "माझं मोजणं चुकलं."

अभय उठला. त्याला बहुधा काहीतरी म्हणायचं होतं, पण ते न म्हणता त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि, "तोंड कडू झालंय, चूळ भरून येतो," असं पुटपुटत आत गेला. बेसिनचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी पोह्यांची ताटली हातात धरून दारात उभी होते. चूळ भरायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, तरी नळ वाहतच होता. पाणी वाया घालवणं अण्णांना मुळीच खपायचं नाही.

"अगं, नळ चालू राहिलाय," अण्णा म्हणाले. "बघ जरा."

"राहू द्या हो, अण्णा," मी म्हटलं. "थोडा वेळ राहू द्या."